बेवारस प्लगइनची यादी

माझ्या हातून कुणाची नोकरी जाईल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी काही कुठला साहेब नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात मशीनचे प्रोग्राम लिहितो. सकाळी मोटरसायकलवरून जातो आणि संध्याकाळी तिथली धूळ अंगावर घेऊन सांगलीत घरी येतो. माझ्या हाताखाली एक माणूस नाही. तरी नोकरी गेली, माण तालुक्यातल्या एका मुलीची, जिला मी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि घालवली तीही पगाराच्या कामात नव्हे, फुकटच्या कामात.

फुकटचं काम म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरातच ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. बायको त्याला ‘यांचं समाजकार्य’ म्हणते, आणि म्हणताना भुवया वर करते. तर अंध माणसांसाठी एक मोफत प्रोग्राम आहे. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभरातले हौशी लोक मिळून लिहितात, आणि त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो. त्यात भारतीय भाषांचा आमचा एक गट, आणि त्या गटात बिल्ड आणि प्लगइन बघायचं काम सहा वर्षं माझ्याकडं होतं. प्लगइन म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडायचा तुकडा. कुणाला मराठी आवाज हवा असतो, कुणाला ब्रेलचं यंत्र जोडायचं असतं, त्याचा त्याचा तुकडा वेगळा. आणि हे सगळे तुकडे गोळा करून, एकमेकांशी जुळतात का बघून, लोकांना उतरवून घेता येईल असा एक अख्खा प्रोग्राम तयार करायचा, ते बिल्ड. गावजेवणाला कुणी तांदूळ देतं, कुणी गूळ, कुणी लाकडं, पण चुलीपाशी कुणीतरी एकानं बसावंच लागतं. तो मी. रोज सकाळी कामावर जायच्या आधी चहा पीत पीत बघायचं, कुठला तुकडा हिरवा आहे आणि कुठला लाल. लाल म्हणजे जुळत नाही. मग ज्यानं तो लिहिला त्याला निरोप धाडायचा, की बाबा, तुझं तेवढं बघ.

आणि काय एकेक लोक! प्लगइन लिहायला सगळे पुढं, सांभाळायला कुणी नाही. पहिले चार महिने रोज निरोप, ‘सर हे बघा, सर ते बघा’. पाचव्या महिन्यात गड्याची नोकरी बदलते नाहीतर लग्न ठरतं, आणि गडी गायब. त्याचा तुकडा मात्र माझ्या चुलीपाशी लाल होऊन पडलेला. मी जात्याच तापट. कारखान्यात मालकापुढं तोंड उघडता येत नाही, घरात बायकोपुढं उघडून उपयोग नाही, त्यामुळं माझा सगळा राग या गटात निघायचा. चार माणसांत मी खडूस म्हणून प्रसिद्ध होतो आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

या सगळ्यांत एक माणूस वेगळा होता. आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो, कारण ते खरोखरच फौजेतून सुभेदार होऊन आले होते. माणात, दहिवडीपासून थोडं आत त्यांची वस्ती. आधीच्या पिढ्या मेंढरांमागं फिरल्या, हे फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात फिरले आणि पेन्शन घेऊन परत शेरडं आणि कोरडवाहू जमिनीपाशी आले. त्यांची एकुलती एक मुलगी. बारा वर्षांची असताना आजारपणात तिची दृष्टी गेली. तरी ती शिकली, पदवीधर झाली, आणि तालुक्याच्या एका कॉलेजात कंत्राटी लेखनिक म्हणून चिकटली. आमच्या प्रोग्रामवर ती काम करायची. अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी. त्या कॉलेजातली सगळी पत्रं, सगळे नमुने जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर आपल्याला ‘क’ दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तिथं भलतंच इंग्रजी अक्षर असतं. डोळस माणसाला काही फरक पडत नाही. आमचा प्रोग्राम मात्र पोटातलं वाचतो, आणि ‘माननीय प्राचार्य’ म्हणायच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती बडबड करतो. मुलीला एक ओळ कळायची नाही.

सुभेदारांनी गटाला एक निरोप लिहिला होता. ‘माझी मुलगी नोकरीवर आहे. तिला जुनी अक्षरं वाचता येत नाहीत. मला प्रोग्राम येत नाही. शिकवल्यास करीन.’ एवढंच. मी वर्षभर दर रविवारी सकाळी त्यांना फोनवरून शिकवलं. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण मला ‘मास्तर’ म्हणायचा. शाळेच्या वहीत एकेक अक्षर आणि त्यापुढं त्याचं पोटातलं अक्षर असा तक्ता त्यांनी हातानं काढला, मग तो कोडात घातला, मग मुलीला ऐकवून एकेक जोडाक्षर दुरुस्त केलं. तयार झाला तो प्लगइन काही देखणा नव्हता. पण चालायचा. दर नव्या बिल्डला ते मुलीकडून तपासून घ्यायचे आणि मला फौजी पद्धतीनं दोन शब्द कळवायचे, ‘सब ठीक.’ मुलीची नोकरी त्या तुकड्यावर उभी होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंतर मला कुणी म्हणालं असतं की तुला काय कल्पना, तर तेवढी तरी सवलत मिळाली असती. पण कल्पना होती.

मग मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती यायची ठरली. तीत प्लगइन जोडायची पद्धतच बदलली, जुने तुकडे नव्यानं लिहिणं भाग होतं. मी सगळ्यांना आधीपासून सांगत होतो. सुभेदारांचा फोन आला, मी समजावलं. पुन्हा आला, पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी कारखान्यात होतो. माझ्याच चुकीनं एक महागडा सुटा भाग वाया गेला होता आणि मालक सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं करत होता. मी बाजूला येऊन फोन उचलला आणि म्हणालो, “आवं सुभेदार, तेच तेच किती वेळा सांगायचं? जमत नसंल तर सरळ सांगा. दुसरं कुणीतरी बघंल.”

 मग ते म्हणाले, “बरं मास्तर. ऱ्हाऊ द्या.” त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

आमच्या गटाचा एक नियम होता. कुणीही एखादी गोष्ट सगळ्यांपुढं मांडायची, पंधरा दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर ती मान्य धरायची. नियम बाहेरून आलेला, पण फार सोयीचा. सगळ्यांची मतं गोळा करत बसलं तर हौशी लोकांचं काम कधीच पुढं सरकत नाही. मी त्या नियमाप्रमाणं एक यादी लिहिली. नव्या पद्धतीत न आणलेले अकरा तुकडे. डोक्यात राग होताच, म्हणून वर मथळा टाकला ‘बेवारस प्लगइन’, आणि खाली लिहिलं, यांना कुणी वाली नाही, पंधरा दिवसांत कुणी बोललं नाही तर हे बिल्डमधून काढून टाकीन. सुभेदारांचा तुकडा सातवा होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. सोयरिकीच्या बैठकीत पाहुणे विचारतात, मग काय, पुढं जाऊया का? मुलीच्या बापाला मान्य असेल तर तो लगेच बोलतो, पानसुपारी पुढं करतो. मान्य नसेल तर तो गप्प बसतो. तंबाखू मळत जमिनीकडं बघतो. पाहुणे काय ते समजतात, चहा संपवतात आणि ‘येतो मग’ म्हणून उठतात. थोरल्या माणसाच्या तोंडावर कुणी नकार द्यायचा नाही आणि थोरल्या माणसाकडून तो वदवूनही घ्यायचा नाही. मी अशा कितीतरी बैठकांत सतरंजीच्या कडेला बसलोय. माझ्या चुलत्यांचं गप्प बसणं मला दारातून कळायचं.

पंधरा दिवस झाले. दहा तुकड्यांबद्दल कुणाला सोयरसुतक नव्हतं. सुभेदारही काही बोलले नाहीत. यादी त्यांनी वाचलेली मला दिसत होती, गटात कुणी काय वाचलं ते कळतं. रोज निरोप वाचणारा, दर बिल्डला ‘सब ठीक’ कळवणारा माणूस पंधरा दिवस एक अक्षर बोलत नाही, याचा अर्थ मला कळला नाही का? कळला. आतून पक्का कळला होता. पण मला चूल लख्ख करायची होती, आणि नियम माझ्या हातात होता. मी मनाशी म्हटलं, बोलले नाहीत ना, मग मान्य. सोळाव्या दिवशी अकराही तुकडे काढले. वर आणखी शहाणपणा म्हणजे जागा अडते म्हणून जुन्या आवृत्त्या उतरवायची सोयही झाडून टाकली. कुणाला मागं जायचं म्हटलं तरी जाता येऊ नये! नवी आवृत्ती आपोआप सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर गेली. त्या सकाळी सहा वर्षांत पहिल्यांदा एकही लाल खूण नव्हती. मी बायकोला हाक मारून पडदा दाखवला. ती म्हणाली, “हिरवं दिसतंय खरं.” मी दिवसभर खुशीत होतो.

अडीच महिन्यांनी मी जुन्या तक्रारी साफ करायला बसलो. काढून टाकलेल्या प्लगइनबद्दल कुणी तक्रार केली तर ती आपोआप बंद व्हावी अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. तक्रार आली की उत्तर जायचं, ‘या प्लगइनचा सांभाळ थांबवण्यात आला आहे,’ आणि तक्रार माझ्या नजरेसमोरही यायची नाही. बंद झालेल्यांत मला एकाच माणसाच्या तीन सापडल्या. पहिली, नवी आवृत्ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ‘कालपासून जुनी पत्रं वाचत नाही. ऑफिसचं काम थांबलं आहे. कृपया बघा.’ दुसरी आठवड्यानंतरची. ‘कृपया बघा. मला आता नुसतं बसवून ठेवलं आहे.’ तिसरी महिन्यानंतरची होती. तीत तिनं काहीही मागितलं नव्हतं, फक्त विचारलं होतं की हे कुणी वाचतं का.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आईशप्पथ सांगतो, मला स्वतःची इतकी शिसारी आयुष्यात कधी आली नव्हती. मी सुभेदारांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मग मी त्यांचा तुकडा काढून समोर घेतला आणि नव्या पद्धतीत लिहायला बसलो. चार तास लागले. फक्त चार तास! त्या माणसाला तीन फोनांत जे मी नीट समजावलं नाही, ते मी स्वतः एका सुट्टीच्या सकाळी जेवायच्या आत करून मोकळा झालो. चालतोय हे बघितलं, पेनड्राइव्हवर घेतलं, शनिवारची रजा टाकली आणि मोटरसायकल काढली. बिल्ड काय, ते नंतरही करता आलं असतं. मला तोंड दाखवायला जायचं होतं.

तासगाव, विटा, मायणी. विट्याच्या पुढं ऊस संपतो आणि रानं उघडी पडतात. वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. सुभेदार शेरडं घेऊन गेले होते, मुलीची आई मुंबईत आपल्या भावाकडं. मुलगी ओसरीवर सुपात ज्वारी घेऊन बोटांनी खडे निवडत होती. तिशीची असेल. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, “दादा, तुमी बिल्डवाले व्हय? फोनवर तुमचा आवाज लय मोठा वाटायचा. हितं तर बारीकच हाय.”

मी म्हटलं, “तू मला कसं ओळखलंस?”

“रविवारी तुमचा फोन स्पीकरवर असायचा की. बाबा उभं ऱ्हाऊन बोलायचे तुमच्याशी. मी म्हणायची, बाबा, बसा, तिकडनं त्यास्नी काय दिसतंय? तर म्हणायचे, मास्तरचा फोन हाय.”

मला कुठं तोंड लपवू झालं. मी सरळ सांगून टाकलं, की तो प्लगइन मीच काढला, यादी मीच लिहिली, तुझ्या तक्रारींना उत्तर देणारं यंत्रही माझंच. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, “म्हाईत हाय. यादी बाबांनी मला वाचून दाखवली हुती. मी म्हटलं, बाबा, लिवा की दोन ओळी, असं कसं काढतील? तर म्हणाले, मास्तर आपल्याच मुलखातलं हायत. आपण बोललो न्हाई म्हंजी काय, ते त्यास्नी बरोबर कळतंय.”

 मी पेनड्राइव्ह काढला.

तिनं आतून लॅपटॉप आणला. माझ्या मदतीची तिला काही गरज नव्हती, बोटं भराभर चालत होती. प्लगइन बसला. तो तपासायला जुन्या फॉन्टमधला एखादा कागद हवा होता. ती म्हणाली, “कॉलेजचं पत्र हाय मेलवर. बारा दिवस झालं. बाबांनी बघितलं, म्हणाले किरकोळ हाय, बोलवतील तवा जायाचं. त्याच्यावरच बघू की.” पत्र पडद्यावर उघडलं. मला डोळे आहेत, मला विषयाची ओळ दिसली. मी “थांब” म्हणेपर्यंत तिनं बटण दाबलं होतं.

प्रोग्राम त्याच्या सपाट आवाजात वाचू लागला. आपण गेले दोन महिने कार्यालयीन पत्रव्यवहार वाचू शकत नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबतचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून आपली कंत्राटी नेमणूक संपुष्टात आणण्यात येईल.

एक जोडाक्षर चुकलं नाही. मी लिहिलेला तुकडा अगदी सुरेख चालत होता. आणि त्या पत्रातला नियम तर माझ्याच गटाचा होता, फक्त पंधराच्या जागी सात दिवस.

ती रडली वगैरे नाही. तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली आणि बोटांवर दिवस मोजले. “म्हंजी सोमवारीच संपली मुदत,” ती म्हणाली.

तेवढ्यात सुभेदार आले. खांद्यावर टॉवेल, हातात काठी. अंगकाठी अजून ताठ. मला बघून तोंडभर हसले, “मास्तर! आवं, कळवायचं तरी येताना!” मग लॅपटॉपकडं नजर गेली आणि हसू थांबलं. मुलगी म्हणाली, “बाबा, मला सांगितलं का न्हाई?”

ते पायरीवर बसले. “काय सांगायचं? खुलासा चोरानं द्यायाचा. तू काय चोरी केली हायस? दोन वर्सं तू त्यांचं काम केलंस. मी उत्तर दिलं न्हाई, त्याच्यावरनं त्यांनी वळखायला पायजे हुतं.”

माझा ताबा सुटला. मी ओरडलोच, “आवं सुभेदार, कॉलेजला काय डोंबल कळणार तुमचं गप्प बसणं! दोन ओळी लिहायला काय झालं होतं? लेकीची नोकरी होती ती!”

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. रागानं नाही. मग म्हणाले, “तुमास्नी तरी कुठं कळलं, मास्तर?”

मला वाटलं होतं की ते शिव्या देतील, आणि त्या खायच्या तयारीनंच मी आलो होतो. त्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून बसलो. 

शेवटी मुलगीच उठली. म्हणाली, “दादा, कॉलेज दोनपतुर उघडं असतंय शनिवारचं. मी लिवते, तुमी नेऊन द्याल का?” तिनं तिथंच खुलासा टाइप केला. वाचायचं साधन बंद पडलं होतं, त्यात माझा दोष नव्हता, साधन आजपासून पुन्हा सुरू झालं आहे, मला काम करायचं आहे. मी म्हटलं, माझं नाव घाल, दोष माझा आहे असं लिही. ती म्हणाली, “तुमाला कोण वळखतंय तिथं?” मग सुभेदारांनी वहीचं कोरं पान फाडलं, तिनं सांगितलं तसं त्यांनी पेनानं उतरवलं, कारण छापायचं यंत्र घरात नव्हतं. त्यांचं अक्षर छान होतं, एका रेषेत. खाली तिनं सही केली.

मी दहिवडीला कॉलेजात पोचलो तेव्हा एक वाजला होता. हेडक्लार्क वयस्क गृहस्थ होते, वाईट नव्हते. कागद पूर्ण वाचला, आवक शिक्का मारला, पोच दिली. म्हणाले, “पोरगी चांगली होती हो. आम्ही वाट बघितली. एक ओळ आली असती तरी साहेबांनी थांबवलं असतं. आता मंगळवारी दुसरी रुजू झाली.” त्यांनी मानेनं खिडकीजवळचं टेबल दाखवलं. तिथं एक तरुण मुलगी बसली होती. ती टाइप करत होती आणि दर बटणाला तिचा कॉम्प्युटर मोठ्यानं बोलत होता, डी, ई, रिकामी जागा, डी. ती दर वेळी दचकून दाराकडं बघत होती. मी पोच खिशात घालून बाहेर आलो.

परत वस्तीवर गेलो. पोच मुलीच्या हातात दिली. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं. “खुर्चीवर कोण हाय?” तिनं विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या घरात लपवाछपवी पुरे झाली होती. मी सांगितलं, “एक मुलगी आहे. मंगळवारी आली.”

सुभेदार उठून शेरडांकडं गेले. मुलगी बराच वेळ पोचपावतीची घडी घालत होती, उलगडत होती. मग तिनं विचारलं, “मशीन अजून बोलतंय का?”

“बोलतंय. दर बटणाला.”

“तिला बंद करता येत नसंल. घाबरत असंल बिचारी,” ती म्हणाली. “तुमी सांगा की तिला, कसं काढायचं. दोन वाजायला दहा मिनटं हायत, असंल अजून.”

कॉलेजचा नंबर तिला पाठ होता. तिनंच लावून फोन माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिली. मी त्या नव्या मुलीला एकेक पायरी सांगत गेलो, इथं जा, हे निवडा, आता खाली या. पलीकडून आमच्या प्रोग्रामचा आवाज प्रत्येक पायरी वाचत होता. शेवटी त्यानं विचारलं, ‘हा प्रोग्राम कायमचा काढून टाकायचा आहे का?’ ते वाक्य मराठीत मीच लिहिलं होतं, सहा वर्षांपूर्वी.

“काय दाबू सर?” नव्या मुलीनं विचारलं.

“होय दाबा,” मी म्हणालो.